स्ट्रॅपची पिन हलायला लागली तर

"सर, पिन हलतेय." पिन म्हणजे गिटारीचा स्ट्रॅप, खांद्यावरचा पट्टा, अडकवायची बॉडीवरची छोटी गुंडी. माझ्याकडे वसईत गिटार शिकणारी बरीच पोरं चर्चच्या कॉयरमध्ये उभ्यानं वाजवतात, त्यामुळे नाताळच्या तोंडावर हे वाक्य हमखास कानावर येतं. तोवर एखाद्यानं हार्डवेअरच्या दुकानातून जाडा स्क्रू आणून पिळायला सुरुवातही केलेली असते. तेवढं मात्र करू नका. नेक बॉडीला मिळते तिथल्या हीलमध्ये ही पिन स्क्रूनं बसवलेली असते, आणि तिथे लाकूड थोडंच असतं. जाड स्क्रूनं ते उभं चिरलं, तर दहा मिनिटांच्या कामाचं मोठं दुखणं होऊन बसतं.

आधी स्क्रू-ड्रायव्हरनं हलक्या हातानं आवळून बघा. घट्ट बसला तर प्रश्नच मिटला. नुसताच गरगर फिरत राहिला, तर लाकडातले आटे गेले म्हणून समजा. आता ते भोक लाकडानंच भरायचं. एमसील, फेविक्विक वगैरे लांब ठेवा. पुढे कधी स्क्रू काढायची वेळ आली की रडाल.

पिन काढा, भोकातला भुसा फुंकून टाका. टूथपिक किंवा गुल काढून टाकलेल्या आगपेटीच्या काड्या घ्या. त्यांना फेविकॉल लावून एकेक करत भोकात सरकवा, पुढची काडी जाईनाशी होईपर्यंत. हातोडी नको, अंगठ्याचा जोर पुरतो. पॉलिशवर आलेला फेविकॉल ओल्या फडक्यानं लगेच पुसा. मग गिटार एक पूर्ण दिवस तशीच ठेवा, पावसाळा असेल तर दोन. वाळल्यावर बाहेर राहिलेली टोकं ब्लेडनं सपाट कापा.

स्क्रू थेट पिळू नका, आधी बारीक भोक पाडा. ड्रिलचं बिट स्क्रूच्या पुढे उभं धरून एक डोळा मिटून बघायचं: स्क्रूचा मधला दांडा बिटामागे लपला पाहिजे आणि दोन्ही बाजूंनी फक्त आटे डोकावले पाहिजेत. ते बिट बरोबर. साधारण दोन-अडीच मिलिमीटरचं निघतं. स्क्रू लाकडात जेवढा जातो तेवढ्या खुणेवर बिटाला चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे भोक जास्त खोल जाणार नाही. स्क्रूवर साबणाची वडी किंवा मेणबत्ती घासा आणि हातानंच आवळा. पिन आणि लाकूड यांच्यामध्ये फेल्टची चकती हवी; नसेल तर जुन्या चपलेच्या पट्ट्यातून चामड्याची कापून घ्या. पिन चकतीवर टेकली की थांबायचं. आणखी अर्धा फेरा मारायचा मोह होतो, त्यातच नवे आटेही जातात.

बॉडीच्या बुडाशी असलेली दुसरी पिन मात्र बऱ्याच गिटारींना स्क्रूची नसते. ती निमुळती खुंटी असते, नुसती दाबून बसवलेली. उन्हाळ्यात लाकूड आकसलं की ती सैल होते. तिला गोंद लावू नका. तंबोऱ्याची खुंटी सरकू लागली की खडू चोळतात, तोच उपाय इथेही चालतो. तेवढ्यानं भागलं नाही तर वहीच्या कागदाची पातळ पट्टी एक वेढा गुंडाळून, पीळ देत देत आत दाबा.

तुमची गिटार पिकअपवाली, म्हणजे केबलनं स्पीकरला जोडता येणारी असेल आणि बुडाच्या पिनमध्येच केबल जात असेल, तर ती पिन म्हणजे जॅक, केबल खोचायचं सॉकेट. बाहेरून नट आवळत बसलात तर आतला जॅकही सोबत फिरतो आणि वायरी पिळून तुटतात. वरची टोपी सोडवली की बऱ्याच जॅकच्या दांड्याला आडवं बारीक भोक दिसतं. त्यात खिळा घालून दांडा धरून ठेवा आणि मग पान्यानं नट आवळा. भोक नसेल तर तारा सैल करून साउंडहोलमधून, म्हणजे तारांखालच्या गोल भोकातून, हात घाला आणि जॅक आतून धरा.

झाल्यावर पट्टा अडकवून पलंगाच्या वर गिटार धरा आणि पट्ट्याला दोन-चार हिसके द्या. पिनभोवती केसासारखी चीर दिसली किंवा आतून करकर आवाज आला, तर पट्टा काढा आणि गिटार दुरुस्तीवाल्याकडे न्या. तिथे काड्या-फेविकॉलचं काम नाही.