आठ बाय आठ घरांतला वासुदेव: जुन्या धाटणीचा व्हिडिओ गेम कसा बनवावा

२०१५ साली मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी या दोघांनी चार दिवसांत एक गेम केला. डोंगर चढणारी छोटी मुलगी, १२८ बाय १२८ पिक्सेलचा पडदा आणि सोळा रंग, एवढाच त्याचा पसारा. पुढे त्याचंच मोठं रूप २०१८ मध्ये 'सेलेस्ट' नावाने आलं आणि जगभर खेळलं गेलं. तो मूळचा छोटा गेम आजही ब्राउझरमध्ये फुकट खेळता येतो. पुढे त्याचे आकडे पुन्हा पुन्हा येणार आहेत, म्हणून आधी अर्धा तास तो खेळून या.

मोठाले चौकोन दिसले की गेम जुन्या धाटणीचा झाला, असं धरून चाललं की गाडी तिथेच फसते. जुन्या यंत्रांत जागा कमी, रंग कमी, आवाज कमी. त्या अडचणीत बसून लोकांनी जे निर्णय घेतले, त्यांतून ही धाटणी घडली. आपल्याला आज तशी अडचण नाही. म्हणून ती आपण होऊन घालून घ्यायची, कागदावर लिहायची आणि पाळायची.

यंत्र ठरवा

नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायचे जे व्हिडिओ गेम मिळायचे, ज्यांच्या पिवळ्या कॅसेटवर '९९९९ इन १' असं छापलेलं असायचं, ते बहुतेक निन्टेन्डोच्या फॅमिकॉमच्या नकला होते. त्या यंत्राचं चित्र २५६ बाय २४० पिक्सेलचं. एका आडव्या ओळीत फक्त आठ हलती चित्रं मावत, नववं दिसतच नसे. गर्दी झाली की शत्रू लुकलुकायचे ते त्यामुळे. गेम बॉय या हातात धरायच्या यंत्राचा पडदा याहून लहान, १६० बाय १४४, आणि रंगाच्या छटा चार.

पहिल्या गेमसाठी मी पिको-८ सुचवेन. हे खरं यंत्र नाही. जोसेफ व्हाइट यांनी बनवलेला हा काल्पनिक कन्सोल संगणकावर चालतो, आणि चित्रं, नकाशा, आवाज, कोड हे सगळं त्याच्या आतच करता येतं. पूर्ण आवृत्ती विकत घ्यावी लागते, पण शिकण्यासाठीची फुकट आवृत्ती ब्राउझरमध्ये चालते. टिक-८० हा तसाच दुसरा पर्याय, तो मुक्त स्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे. पिको-८ मध्ये मर्यादा आधीच बांधून दिलेल्या असतात: सोळा ठरलेले रंग, आवाजाच्या चार वाहिन्या (म्हणजे एका वेळी चारच आवाज), आणि कोडला ८१९२ टोकनांची, म्हणजे कोडमधल्या शब्दचिन्हांची, हद्द. नवशिक्याला हे फार सोयीचं पडतं, कारण 'अजून काय घालू' या प्रश्नाला उत्तर आधीच दिलेलं असतं.

गोदोसारखं मोठं इंजिन (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) वापरणार असाल तर चित्राचं माप ३२० बाय १८० ठेवा. आजच्या १९२० बाय १०८० च्या पडद्यावर ते बरोबर सहा पट होतं. २४० उंची घेतलीत तर साडेचार पट होईल, म्हणजे काही पिक्सेल जाड, काही बारीक, आणि पात्र चालताना चित्र थरथरल्यासारखं दिसेल.

नियम मोडायला हरकत नाही, पण कोणता आणि का, हे माहीत हवं. २०१४ च्या 'शोव्हल नाइट' या गेमने फॅमिकॉमची रंगपेटी जवळजवळ तशीच ठेवली आणि मोजके रंग वाढवले. पडदा मात्र रुंद केला आणि ती लुकलुक काढून टाकली. ती लुकलुक त्या काळीही कुणाला नको होती, म्हणून ती गेल्याने काहीच बिघडलं नाही.

पात्र काढा

पिको-८ मध्ये एका स्प्राइटचं, म्हणजे छोट्या चित्राचं, घर आठ बाय आठ पिक्सेलचं असतं. चौसष्ट ठिपक्यांत माणूस बसवायचा. चेहऱ्याने तो ओळखू येणार नाही, बाह्याकृतीनेच ओळखू यायला हवा. म्हणून मी वासुदेव घेतो: उंच टोपी आणि खाली घेरदार अंगरखा, दुरूनही चुकणार नाही असा आकार.

वरून मोजत या. पहिल्या ओळीत एकच पिवळा ठिपका, तो टोपीचा पितळी कळस. दुसऱ्या ओळीत दोन हिरवे. तिसरीत चार, एक निळा, एक हिरवा असे आलटून पालटून, की मोरपिसं झाली. चौथी आणि पाचवी ओळ चेहऱ्याची. तिथे प्रत्येकीत चार ठिपके त्वचेचे, त्यांतला चौथ्या ओळीतला एक गडद, उजवीकडे सरकवलेला. तो डोळा. तो एक पिक्सेल इकडेतिकडे झाला तरी वासुदेव दुसरीकडे पाहू लागतो, त्यामुळे इथे वेळ घालवा. सहावीत पांढरे चार, सातवीत पांढरे सहा, म्हणजे अंगरख्याचा घेर. आठवीत दोन तपकिरी ठिपके, मध्ये फट: पाय.

आता सगळं चित्र एकाच रंगाने भरून पाहा. तरीही वासुदेव वाटला तर आकार जमला. नाही वाटला तर रंग बदलत बसू नका, आकार बदला.

चालण्यासाठी दोनच चित्रं पुरतात: एकात पाय फाकलेले, दुसऱ्यात जुळलेले. दुसऱ्या चित्रात अंगरख्याची खालची ओळ एक पिक्सेल मागे सरकवा, कापड हलल्याचा भास होतो. उडीसाठी तिसरं चित्र, त्यात टोपीचा कळस एक पिक्सेल मागे. डावीकडे तोंड असलेलं चित्र वेगळं काढू नका, उजवंच उलटं करून वापरता येतं.

एक पथ्य सांभाळा. चित्र इंजिनमध्ये तिरकं फिरवू नका, आणि एकाच पडद्यावर लहानमोठे पिक्सेल मिसळू नका. वासुदेवाचे ठिपके जाड आणि मागच्या झाडाचे बारीक असले, की डोळ्याला लगेच खुपतं.

उडी आधी, बाकी नंतर

माझ्या पहिल्या गेममध्ये मी वीस पातळ्या आखून टाकल्या आणि उडी नंतर नीट करू म्हटलं. मग उडी जराशी उंच केली, तर वीसही पातळ्यांतले कट्टे चुकीच्या अंतरावर गेले. दोन आठवड्यांचं काम पुन्हा करावं लागलं. तेव्हापासून सपाट जमीन, एक पायरी आणि एक खड्डा, एवढ्यावर उडी मनासारखी होईपर्यंत मी पुढे सरकत नाही.

सुरुवातीचे आकडे त्या चार दिवसांच्या गेममधूनच घ्या. तो सेकंदाला ३० फ्रेमने चालतो, म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदात तीसदा नव्याने काढलं जातं. उडीचं बटण दाबलं की वरच्या दिशेने फ्रेममागे २ पिक्सेल वेग मिळतो, आणि गुरुत्वाकर्षण दर फ्रेमला त्यातून ०.२१ कमी करतं. हिशेब करून पाहा: २, मग १.७९, मग १.५८, असं करत दहाएक फ्रेममध्ये पात्र साधारण दहा पिक्सेल वर जातं. म्हणजे आठ पिक्सेलची पायरी सहज ओलांडते, दोन पायऱ्यांची भिंत नाही. खाली पडण्याचा वेग २ च्या वर जाऊ देत नाहीत. उडीच्या माथ्याशी, वेग ०.१५ किंवा त्याहून कमी झाला की, गुरुत्वाकर्षण निम्मं करतात. त्यामुळे पात्र क्षणभर हवेत तरंगतं आणि खेळणाऱ्याला कुठे उतरायचं ते ठरवता येतं.

याहून मोलाच्या दोन गोष्टी डोळ्यांना दिसतच नाहीत. कट्ट्यावरून पाय सुटल्यानंतरही सहा फ्रेम, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग, उडी मारता येते. आणि जमिनीला टेकण्याच्या चार फ्रेम आधी बटण दाबलं तरी ती उडी मोजली जाते. जुन्या कॅसेटच्या बऱ्याच गेममध्ये ही माफी नसायची, आणि 'मी दाबलं होतं!' असा आरडाओरडा घरोघरी व्हायचा. धाटणी जुनी ठेवा, माफी नवी द्या. माझ्या मते आजच्या चांगल्या रेट्रो गेमचं मर्म इथेच आहे.

एक पडदा पूर्ण करा

पिको-८ च्या पडद्यावर सोळा बाय सोळा फरशा, म्हणजे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन, बसतात. संपूर्ण नकाशात असे बत्तीस पडदे मावतात, पण त्याचा खालचा अर्धा भाग आणि शेवटची १२८ स्प्राइट एकाच जागेत राहतात. नकाशा वाढवला की चित्रं घटतात. त्याची काळजी सध्या नको. एकच पडदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत करा: आवाज, मरण, पुन्हा सुरुवात, दार, सगळं त्यात असू द्या. एका पडद्यावर एकच नवी गोष्ट शिकवा, आणि ती आधी जिथे पडून मरायची भीती नाही अशा जागी भेटू द्या.

मराठी अक्षरं

पिको-८ ची आतली अक्षरं तीन पिक्सेल रुंद आणि पाच उंच असतात. रोमन लिपीचं त्यात भागतं, आपलं नाही. शिरोरेषेला एक ओळ, अक्षराला किमान पाच, वरच्या मात्रा-वेलांटीला तीन, खालच्या उकाराला दोन, म्हणजे अकरा ओळी झाल्या. एका घरात हे मावत नाही. म्हणून मजकूर थोडा ठेवा आणि शब्दच चित्रासारखे काढा. 'खेळ सुरू' यात वरची मात्रा आहे आणि खालचे उकारही. सहा घरं रुंद आणि दोन घरं उंच जागा घ्या, शिरोरेषा आधी सरळ ओढून घ्या आणि अक्षरं तिला टांगत जा. 'रू'ची शेपटी खाली न नेता बाजूला काढली तरी वाचता येते.

आवाज

चार वाहिन्यांपैकी तीन संगीताला द्या आणि एक गेमच्या आवाजांसाठी मोकळी ठेवा. नाहीतर प्रत्येक उडीला धून तुटते. उडीसाठी वर चढणारे तीन-चार सूर, पडण्यासाठी उतरणारे. वासुदेव असल्यामुळे मी टाळाच्या किणकिणाटासाठी एक आखूड, उंच सूर वापरतो.

लोकांच्या हातात द्या

पिको-८ चा गेम वेबपानासारखा बाहेर काढून इच डॉट आयओ या गेमच्या संकेतस्थळावर टाकता येतो. कॅसेटच्या चित्राची पीएनजी फाइलही बनते, आणि अख्खा गेम त्या चित्राच्याच रंगांत दडवलेला असतो. ती व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका. फोटो दाबून लहान केला जातो आणि आतला गेम नष्ट होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. जुन्या गेमची पात्रं किंवा धून उचलून वापरू नका, त्यांचे मालक आहेत.

आणि ज्याने आयुष्यात रेट्रो गेम खेळलेला नाही अशा कुणाला, भाचीला किंवा शेजारच्या काकांना, समोर बसवा. मागे उभे राहा आणि काही सांगू नका. कोणत्या कट्ट्याशी ते तीनदा पडतात ते वहीत लिहा, आणि रात्री तो कट्टा एक फरशी जवळ आणा.