पदवीचे फोटो बाहेर काढताना फ्लॅश वापरा, पण तो दिसू देऊ नका

पदवीदानाच्या दिवसांत बडोद्याच्या आर्ट्स फॅकल्टीच्या घुमटासमोर काळे गाऊन, गोंड्याच्या टोप्या आणि खास इस्त्रीच्या साड्या नेसून आलेल्या आया-आज्या दिसू लागतात. घरी गेल्यावर फोटो बघावेत, तर बहुतेक दोनच तऱ्हा. एकात टोपीच्या सावलीने डोळे गायब झालेले. दुसऱ्यात चेहरा पांढराफटक आणि भर दुपारी काढलेला असूनही मागचा घुमट अंधारात बुडालेला. पहिल्यात फ्लॅश नव्हताच. दुसऱ्यात तो कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवून थेट तोंडावर मारलेला.

उपाय म्हणजे फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून बाजूला न्यायचा आणि त्याच्याकडून बेताचंच काम करून घ्यायचं. माझं ठाम मत आहे की बाहेरच्या फोटोत मुख्य उजेड सूर्याचाच असावा. सूर्याचा उजेड जिथे पोचत नाही, तेवढीच जागा फ्लॅशने भरून काढावी.

सामान फार लागत नाही. एक साधा स्पीडलाइट (सुटा छोटा फ्लॅश), त्याला दुरून पेटवणारा, कॅमेऱ्यावर बसणारा ट्रिगर, ६० ते ९० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी, फ्लॅशपुढे लावायची कापडी पेटी) आणि तो धरायला एक माणूस. स्टँडपेक्षा माणूस बरा. उघड्यावर वारा आला की सॉफ्टबॉक्स स्टँडसकट आडवा होतो, आणि समारंभाच्या गर्दीत तो कुणाच्या तरी अंगावर पडतो. स्टँड लावायचाच असेल तर पायथ्याला पाण्याच्या भरलेल्या बाटल्यांची पिशवी लटकवा. माणूस हाताशी असला की "दादा, जरा डावीकडे, अजून थोडं खाली" एवढ्यावर भागतं.

वेळ आणि जागा

जानेवारीत बडोद्याला सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो. पाच ते सहा हा तास राखून ठेवा. दुपारी बारा-एकला घरच्यांच्या आग्रहाखातर काढावेच लागले, तर उन्हात उभं करू नका. इमारतीच्या सावलीत, उन्हाच्या कडेपासून दोन पावलं आत घ्या.

घुमटाची इमारत मूळची बडोदा कॉलेजची. कॉलेज १८८१ सालचं, महाराजा सयाजीराव विद्यापीठ झालं १९४९ मध्ये. लक्ष्मी विलास राजवाड्याचं काम पुरं करणाऱ्या रॉबर्ट चिझमनेच हिचाही आराखडा केला. इमारत मोठी असल्यामुळे पदवीधराला तिच्या पायऱ्यांवर उभं केलं की घुमट तरी कापला जातो, नाहीतर माणूस मुंगीएवढा होतो. म्हणून मुलाला किंवा मुलीला इमारतीपासून बरंच पुढे, तुमच्या बाजूला आणा. ३५ किंवा ५० मिलिमीटरची लेन्स घ्या आणि कंबरेपासून वरचा भागच फ्रेममध्ये ठेवा. म्हणजे घुमटही पुरता येतो आणि सॉफ्टबॉक्स चेहऱ्याच्या जवळ ठेवता येतो.

झाडी हवी असेल तर शहरातली कमाटीबाग आहेच. तिथे दोन गोष्टी सांभाळा. पानांतून पडणारे कवडसे डोळ्यांना सुंदर दिसतात, पण चेहऱ्यावर ते ठिगळांसारखे उमटतात आणि फ्लॅशने जात नाहीत. दुसरं म्हणजे हिरवळीवरून उडणारा उजेड हनुवटीखाली हिरवट झाक देतो. मातीच्या किंवा फरशीच्या वाटेवर उभं केलं की ही झाक बरीच कमी होते. मोठ्या सामानानिशी जाणार असाल तर बाग असो की विद्यापीठाचं आवार, आधी परवानगीची चौकशी करा. ऐन वेळी सुरक्षारक्षकाशी हुज्जत घालत बसलात तर उजेड निघून जाईल.

आधी मागचं, मग माणूस

कामाचा हा क्रम मोडू नका. फ्लॅश बंद ठेवा. कॅमेरा मॅन्युअलवर, म्हणजे सगळं हाताने ठरवायच्या मोडवर टाका, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनक्षमता) १००, शटर १/२०० सेकंद. बऱ्याच कॅमेऱ्यांची फ्लॅशशी जुळणारी शटरची मर्यादा १/२०० ते १/२५० एवढीच असते. तिच्या वर गेलात की फोटोत आडवा काळा पट्टा येतो. आता माणसाकडे न बघता फक्त मागच्या घुमटाकडे आणि आकाशाकडे बघत अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक किती उघडायचं ते, ठरवा. संध्याकाळच्या कोवळ्या उन्हात ते एफ/४ च्या आसपास येईल (आकडा लहान तितकं भोक मोठं). मागचं दृश्य डोळ्यांना दिसतं त्याहून किंचित, म्हणजे अर्धा-पाऊण स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) गडद ठेवा. त्यापेक्षा जास्त नको. आकाश नाट्यमय करण्याच्या हौसेपायी लोक दोन-दोन स्टॉप खाली जातात, आणि मग माणूस कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसतो.

या फ्रेममध्ये चेहरा काळवंडलेला येईल. तो तसाच यायला हवा. सूर्य माणसाच्या पाठीमागे आहे, केसांना आणि खांद्यांना सोनेरी कड आली आहे, आणि आता फक्त चेहरा उरला आहे.

मग फ्लॅश लावा. तोही मॅन्युअलवर. टीटीएलवर, म्हणजे फ्लॅशची ताकद कॅमेऱ्यालाच ठरवू देणाऱ्या मोडवर ठेवलात तर समोरचा काळा गाऊन बघून कॅमेरा फसतो, त्याला दृश्य अंधारं वाटतं आणि तो फ्लॅश वाढवून चेहरा जाळून टाकतो. सॉफ्टबॉक्स चेहऱ्यापासून साधारण दीड मीटरवर धरून पूर्ण ताकदीच्या १/१६ पॉवरपासून सुरुवात करा. कमी वाटलं तर १/८, जास्त वाटलं तर १/३२. शटर बदललं की फक्त मागचं बदलतं, फ्लॅश तेवढाच राहतो. अॅपर्चर आणि आयएसओ मात्र दोन्हींवर परिणाम करतात. एवढं डोक्यात बसलं की बाकी सगळं सोपं होतं.

अंतरही पॉवरइतकंच महत्त्वाचं. फ्लॅश दुप्पट लांब नेला की उजेड चौथाईवर येतो, आणि सॉफ्टबॉक्स लांब गेला की सावल्याही कडक होतात. एकट्या माणसाच्या फोटोत तो फ्रेमच्या कडेला चिकटूनच ठेवा.

भर उन्हात मागचं धूसर करायला एफ/२.८ हवा असेल, तर शटर १/३२०० च्या घरात न्यावं लागतं. त्यासाठी फ्लॅशला हाय-स्पीड सिंक (मर्यादेपेक्षा वेगवान शटरशी जुळवून घेणारी सोय) लागतं, आणि त्यात त्याची ताकद दोन स्टॉप किंवा त्याहून जास्त घटते. साधा स्पीडलाइट तिथे धापा टाकतो. चार स्टॉपचा एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची, उजेड कमी करणारी गडद काच) लावला तर शटर मर्यादेत येतं, पण भर उन्हाशी झुंजायला मोठा फ्लॅश तरीही लागतोच. मी तर सरळ पाच वाजेपर्यंत थांबायला सांगतो.

टोपी, चष्मा, सॅटिन

पदवीच्या फोटोची खरी कसोटी इथे आहे. नेहमीच्या पोर्ट्रेटला लाइट बाजूला ४५ अंशांवर आणि डोक्याच्या बराच वर ठेवतात. इथे तसं केलंत तर टोपीची सपाट फळी कपाळावर आणि डोळ्यांवर सावली टाकते. म्हणून लाइट खाली आणा, डोळ्यांच्या पातळीपेक्षा जेमतेम वीतभर वर. टोपी किंचित मागे सरकवा, कपाळावरचे केस दिसले पाहिजेत. हनुवटी बोटभर पुढे घ्यायला सांगा.

पण लाइट खाली आला की चष्म्याच्या काचेत सॉफ्टबॉक्सचा पांढरा चौकोन चमकतो. आता लाइट परत वर नेऊ नका, बाजूला न्या. ४५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत सरकवा आणि चेहरा थोडा उलट बाजूला वळवा. तरीही चमक राहिलीच, तर चष्म्याच्या काड्या कानांवरून अगदी थोड्या उचलायला सांगा. काचा खाली झुकतात आणि चमक जमिनीकडे जाते. समोरून पाहणाऱ्याला कळतही नाही. चष्मा काढायला मात्र सांगू नका. जी मुलगी चार वर्षं चष्मा लावून वर्गात बसली, तिच्या पदवीच्या फोटोत तो असायलाच हवा.

सॅटिनचा गाऊन किंवा उपरणं, साडीची जर आणि लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र, या तिन्ही गोष्टी फ्लॅश थेट परत फेकतात. सॉफ्टबॉक्सचा मधला भाग चेहऱ्यावर न रोखता किंचित पुढे वळवा, म्हणजे चेहऱ्यावर फक्त कडेचा मऊ उजेड पडेल. प्रमाणपत्राची वरची कड जरा पुढे झुकवायला सांगा.

लाइटची बाजू निवडताना त्या बाजूने उजेड येण्याला काहीतरी कारण असावं. आकाश मोकळं आहे ती बाजू, किंवा ऊन पडलेली भिंत आहे ती बाजू. जिकडे दाट झाड आहे तिकडूनच चेहरा उजळला, तर बघणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण खटकतं.

रंगाचंही तसंच. फ्लॅशचा उजेड दुपारच्या उन्हासारखा पांढरा असतो. मावळतीच्या सोनेरी प्रकाशात तो निळसर, आजारी दिसतो. फ्लॅशच्या काचेवर फिकट नारिंगी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लावा. सहा वाजत आले की थोडं गडद लावा.

घरच्यांसोबत

आई-बाबा आणि आजी फ्रेममध्ये आले की लाइट जवळ ठेवून चालत नाही. लाइटच्या बाजूचा माणूस उजळ आणि पलीकडचा अंधारा येतो. लाइट तीन-चार मीटर मागे न्या, थोडा वर घ्या, पॉवर वाढवा आणि लाइटचं तोंड सर्वांत लांबच्या माणसाकडे वळवा. अॅपर्चर एफ/५.६ करा, नाहीतर मागच्या रांगेतले काका धूसर येतील. एफ/५.६ केल्यावर मागचं आणखी गडद होतं. ते परत आणायला आयएसओ २०० करा. आजीला खुर्ची द्या आणि पदवीधराला तिच्या शेजारी टेकायला सांगा. डोकी जवळजवळ येतात आणि उजेडही सारखा पडतो.

चालतानाचे, हसत मागे वळून पाहतानाचे फोटो हवे असतील, तर लाइट धरणाऱ्यालाही तेवढंच अंतर राखून सोबत चालायला लावा. अंतर टिकलं की एक्सपोजर (फोटोतल्या उजेडाचं प्रमाण) टिकतं.

प्रत्येक जागी एक फोटो फ्लॅश बंद करून काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून पडद्यावर बघा. फ्लॅशच्या फोटोत पहिली नजर उजेडाकडे गेली तर पॉवर एक तृतीयांश स्टॉप कमी करा. नजर डोळ्यांकडे गेली तर हात लावू नका.

सूर्य बुडाल्यावर आणखी वीसेक मिनिटं मिळतात. शटर १/१२५, मग १/६० असं हळू करत जा, म्हणजे आकाश टिकून राहील. फ्लॅशची पॉवर उलट थोडी कमी करा, कारण भोवतालचा उजेड आता उतरला आहे. १/६० ला समोरच्याला स्थिर उभं राहायला सांगा. त्याहून हळू शटर लागू लागलं की आकाशाचा नाद सोडून सामान आवरायला घ्या.