डब्ल्यू३५ स्पर्धा कशी बघावी: हिशेब तपासणाऱ्या बाईच्या सूचना

डब्ल्यू३५ ही महिलांची एक छोटी आंतरराष्ट्रीय टेनिस स्पर्धा. ती बघण्याबद्दलची माझी पहिली सूचना ऐकून ओळखीचे लोक हसतात. एकच दिवस काढता येणार असेल तर रविवारच्या फायनलला येऊ नका, सोमवारी सकाळी या. फायनलला शाली, श्रीफळं आणि प्रायोजकांची भाषणं असतात. टेनिस तास-दीड तासाचं. सोमवारी साधारणपणे पात्रता फेरीचा शेवटचा टप्पा असतो. तीन-चार कोर्टांवर एकाच वेळी सामने चालू असतात आणि प्रत्येक कोर्टावर कुणाचा तरी आठवडा तिथेच संपणार असतो. जिंकेल ती मुख्य फेरीत. दुसरी बॅग भरते आणि पुढच्या गावचं तिकीट शोधायला लागते.

मी निवृत्तीपर्यंत एका सहकारी बँकेत हिशेब तपासले. रॅकेट कधी हातात धरली नाही. पण राहते पुण्यात, डेक्कन जिमखान्यावर महिलांची आयटीएफ (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ) स्पर्धा बरीच वर्षं होत आली आहे, आणि घरून चालत जाता येतं. त्यामुळे माझी टेनिस बघायची रीतही जमाखर्चाचीच आहे.

सुरुवात स्पर्धेच्या नावापासून करा. डब्ल्यू१५, डब्ल्यू३५, डब्ल्यू५०, डब्ल्यू७५, डब्ल्यू१०० अशा पायऱ्या आहेत. २०२४पासून हा आकडा म्हणजे विजेतीला क्रमवारीत मिळणारे गुण. त्याआधी आकडा बक्षिसाच्या रकमेवरून असायचा, म्हणून जुन्या बातमीत 'डब्ल्यू२५' दिसलं की ती २५ हजार डॉलरची स्पर्धा समजा. आजची डब्ल्यू३५ साधारण तीच पायरी, रक्कम २०२५पासून ३० हजार डॉलर. या सगळ्यांच्या वर डब्ल्यूटीए (व्यावसायिक महिला टेनिसची संघटना) १२५, जशी मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियावर होणारी मुंबई ओपन. २०१७ साली ती आर्यना सबालेंकानं जिंकली होती, तेव्हा ती आजची, ग्रँड स्लॅम विजेती सबालेंका नव्हती.

आता ३० हजार डॉलर ऐकून डोळे मोठे करू नका. ही रक्कम एकेरी, दुहेरी सगळं मिळून वाटायची. विजेतीला चार-पाच हजार डॉलर, आणि मुख्य फेरीत पहिलाच सामना हरलेल्या मुलीला तीनशेच्या आसपास. म्हणजे पंचवीसेक हजार रुपये. खेळाडू परदेशी असेल तर त्यातून २० टक्के कर आणि वर उपकर जागेवरच कापला जातो. उरलेल्यातून विमान, हॉटेल, जेवण, रॅकेटच्या तारा. कोच बरोबर असेल तर त्याचंही तिकीट. माझ्या बँकेत असं खातं आलं असतं तर कर्ज नामंजूर झालं असतं. तरी मुली येतात, कारण खरं चलन गुणांचं आहे. डब्ल्यू३५ला विजेतीला ३५, उपविजेतीला २३, उपांत्य फेरीत हरलेलीला १४, उपांत्यपूर्व फेरीत हरलेलीला ८. पहिल्या फेरीत हरलात तर शून्य. हे आकडे पाठ करून बसा. मग शुक्रवारची उपांत्यपूर्व लढत ३-३ अशी बरोबरीत असताना तुम्हाला कळतं की या सेटवर ८ आणि १४मधला फरक टांगलेला आहे.

गुण एक वर्ष टिकतात, मग गळतात. गेल्या वर्षी याच आठवड्यात कुणी कुठे फायनल खेळली असेल तर ते २३ गुण आता जाणार, आणि पहिल्याच फेरीत हरली तर ती क्रमवारीत घसरणार. एखादी मानांकित खेळाडू पहिल्या दिवशी विनाकारण चिडलेली दिसली तर तिचं मागच्या वर्षीचं पान उघडून बघा. कारण बहुतेक वेळा तिथे सापडतं.

ड्रॉचा, म्हणजे कोण कुणाशी खेळणार याचा कागद हे या स्पर्धेचं खरं पुस्तक. आयटीएफच्या संकेतस्थळावर मिळतो. रेफरीच्या टेबलाजवळ फलकावर लावलेला असेल तर तोच वाचा, कारण तिथे आजूबाजूची कुजबुजही फुकट ऐकायला मिळते. ३२ जणींचा मुख्य ड्रॉ. नावापुढे आकडा असेल ती मानांकित. 'क्यू' म्हणजे पात्रता फेरीतून आलेली. डब्ल्यू३५मध्ये अशा साधारण आठ. 'डब्ल्यूसी' म्हणजे वाइल्ड कार्ड: क्रमवारी न बघता थेट प्रवेश मिळालेली, बहुधा आयोजकांनी किंवा संघटनेनं आत घेतलेली स्थानिक मुलगी. 'एलएल' म्हणजे लकी लूझर: पात्रता फेरीत हरलेली, पण वर कुणी माघार घेतल्यानं आत आलेली. 'पीआर' दिसलं तर थांबा. ही दुखापतीतून किंवा बाळंतपणातून परतलेली असते आणि तिची जुनी क्रमवारी राखून ठेवलेली असते. ड्रॉ बघून तिला कमी लेखू नका.

मी काय करते सांगते. मानांकितांना सोडून देते. त्यांच्याकडे बघायला फोटोग्राफर आहेत. एक 'क्यू', एक 'डब्ल्यूसी' आणि एक 'पीआर' निवडते आणि आठवडाभर त्यांच्याच कोर्टावर बसते. 'क्यू'ला विजेतेपद हवं असेल तर आठ दिवसांत सात सामने जिंकावे लागतात. बुधवारपर्यंत तिच्या मांडीवर पट्टी दिसायला लागते.

हे असं कुठपर्यंत जाऊ शकतं? डिसेंबर २०१९मध्ये पुण्यातली २५ हजार डॉलरची स्पर्धा १७ वर्षांच्या एमा रादुकानूनं जिंकली. दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हा, सप्टेंबर २०२१मध्ये, ती पात्रता फेरीतून येऊन यूएस ओपन जिंकली. दहा सामने, एकही सेट न गमावता. आता पुण्यात जो भेटतो तो म्हणतो, 'मी तिला तेव्हाच ओळखलं होतं.' एवढे सगळे त्या आठवड्यात आले असते तर स्टँड मोडला असता.

दिवसाचं वेळापत्रक आदल्या संध्याकाळी लागतं. पहिल्या सामन्याची वेळ खरी, बाकी सगळ्यांपुढे 'त्यानंतर' असं गृहीत धरा. आधीच्या दोघी अडीच तास खेळल्या तर तुमची लाडकी जेवणाच्या वेळेला कोर्टावर येणार. म्हणून डबा घेऊन या, किंवा दोन सामन्यांमध्ये जवळच्या गुडलक कॅफेत बन मस्का खाऊन या. सेट संपायच्या आत परत येता येतं. प्रवेश बहुतेक ठिकाणी मोफत असतो. गाडी आणू नका. डेक्कनला जागा मिळवण्यात पहिला सेट जातो. मेट्रोचं डेक्कन जिमखाना स्थानक आहे, तिथून चालत या. हिवाळ्यात सकाळी स्वेटर लागतो आणि अकरा वाजता टोपी. छत्री उघडाल तर मागचे ओरडतील, आणि बरोबरच ओरडतील.

बसायचं कुठे? लोक जाळीच्या सरळ रेषेत बसतात आणि दोन तास मान हलवत राहतात. तुम्ही बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टाच्या टोकाच्या रेषेच्या, मागच्या कोपऱ्यात बसा. तिथून चेंडू किती खोल पडतोय, उसळून कुठे जातोय, आणि मुलगी तो घ्यायला एक पाऊल आत येतेय की मागे सरकतेय, हे दिसतं. फक्त गुण चालू असताना तिथे हलू नका. सर्व्हिस करणाऱ्या मुलीच्या नजरेसमोर तुम्हीच असता. उठायचं ते बाजू बदलताना. तेव्हा ९० सेकंद मिळतात. प्रत्येक सेटमध्ये पहिल्या गेमनंतर मात्र खेळाडू बसत नाहीत, तेव्हा तुम्हीही बसूनच राहा.

बघायचं काय, तर दुसरी सर्व्हिस. पहिली सर्व्हिस इथल्या बऱ्याच जणींची चांगली असते. वरच्या पातळीशी फरक पडतो तो दुसरीत. ३०-४० असताना दुसऱ्या सर्व्हिसला मनगट आखडतं आणि चेंडू सर्व्हिस बॉक्सच्या मध्यावर अलगद पडतो. समोरची एक पाऊल पुढे येऊन उभी राहते. हे पाऊल दिसायला लागलं की ब्रेक कधी होणार, म्हणजे सर्व्हिस करणारी आपला गेम कधी गमावणार, हे तुम्हाला आधी कळू लागेल. त्यामुळेच या स्पर्धांत ५-२ची आघाडी हा काही ठेवीचा कागद नव्हे. ५-५ व्हायला पंधरा मिनिटं पुरतात. आणि हो, इथे मोठ्या पडद्यावर चेंडूची खूण दाखवणारी यंत्रं नसतात. लाइनवरचा वाद खुर्चीतल्या अंपायरच्या डोळ्यांवरच मिटतो. तुम्हाला 'आउट' दिसला तरी गप्प बसा.

कोचकडेही एक डोळा ठेवा. पूर्वी त्यांना खुणा करायलाही बंदी होती, आता दोन गुणांच्या मध्ये थोडक्यात सांगता येतं. काही कोच दर गुणाला सूचना देतात आणि मुलगी वैतागून भिंतीकडे बघते. बऱ्याच मुलींबरोबर कोच नसतोच. कुणाची आई असते, तिला टेनिसमधलं सगळं कळतं, पण ती एक शब्द बोलत नाही. तिच्या शेजारची खुर्ची रिकामी असेल तर बसा, आणि तुम्हीही बोलू नका.

दुहेरी चुकवू नका. पुण्यातली माणसं एकेरी संपलं की निघतात, हे मला कळलेलं नाही. दुहेरीत ४०-४० झालं की पुढचा एकच गुण गेम ठरवतो, आणि एकेक सेट झाला तर तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा सुपर टायब्रेक. पात्रता फेरीतल्या एकेरीतही तिसऱ्या सेटच्या जागी बहुधा हाच असतो. दोन तासांची मेहनत दहा मिनिटांत निकाली निघते. २०२३ साली हांगचौ एशियाडमध्ये आपल्या ऋतुजा भोसलेनं रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं ते असंच: पहिला सेट २-६ गेला, दुसरा ६-३ घेतला, आणि सुपर टायब्रेक १०-४. ऋतुजा याच छोट्या स्पर्धांमधून तयार झालेली. अंकिता रैनाही अहमदाबादहून पुण्यात येऊन हेमंत बेंद्रे सरांकडे घडली आणि २०२१मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनच्या महिला दुहेरीत खेळली.

मोबाइलबद्दल थोडं कडक बोलते. प्रत्येक गुणानंतर मान खाली घालून काहीतरी टाइप करत बसलात तर अधिकारी येऊन चौकशी करतील, आणि त्यात अपमान वाटून घेऊ नका. अशा छोट्या सामन्यांवरही जगभर सट्टा लागतो. अंपायरनं हातातल्या यंत्रावर गुण नोंदला की तो काही सेकंदांत बाहेर जातो. त्या सेकंदांच्या आत कोर्टावरून गुण कळवणाऱ्यांना पैसे मिळतात. हरलेल्या मुलीला रात्री फोनवर येणारे घाणेरडे संदेश पुष्कळदा याच सट्टेबाजांचे असतात. म्हणून फोटो काढा, फ्लॅश बंद ठेवा, फोन पर्समध्ये टाका. आणि मुलगी हरली म्हणून तिच्या इन्स्टाग्रामवर 'बेटर लक नेक्स्ट टाइम'सुद्धा लिहू नका. त्या ढिगात तुमचा शब्द वेगळा ओळखू येत नाही.

बोलायचं असेल तर सरावाच्या कोर्टाबाहेर, सकाळी, सामना नसलेल्या मुलीशी. हरून येणाऱ्या मुलीला वाट द्या. रँकिंग किती, पुढे काय करणार, शिक्षणाचं काय, हे प्रश्न घरी ठेवा. ते विचारायला तिचे नातेवाईक समर्थ आहेत. 'बॅकहँड डाउन द लाइन छान होता' एवढं म्हटलंत तरी चेहरा बदलतो. मात्र तो खरंच तिनं मारलेला असला पाहिजे, त्यांना लगेच कळतं.

सोमवारी नवी क्रमवारी लागते. तुमच्या निवडलेल्या तिघींची नावं शोधा आणि पुढच्या आठवड्यात त्या कुठे आहेत ते बघा: सोलापूर, बंगळुरू, नाहीतर थायलंड. क्रमवारीत अजिबातच नसलेल्या वाइल्ड कार्डवाल्या मुलीला नाव लागण्यासाठी तीन स्पर्धांमध्ये तरी गुण मिळवावे लागतात, किंवा एकूण दहा. म्हणजे पहिल्या स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरी गाठली तर ८ गुण होतात आणि यादीत नाव मात्र येत नाही. माझ्या वहीत अशा आठवाल्या मुलींचं पान वेगळं आहे. त्यांचे सामने कोर्ट तीनवर, सकाळी पहिले लागतात.