नाशिकला राहता, पण रहिवासी कुठले? अधिवास दाखला काढण्याआधी

कळवणहून येऊन सातपूरच्या कारखान्यात वीस वर्षं काढलेल्या माणसाला गाव विचारा, तो कळवणच सांगेल. तेच त्याचं घर. कागदावर मात्र उत्तर कामागणिक बदलतं. म्हणून आधी ठरवा, रहिवास दाखवायचाय कशासाठी?

मतदानासाठी असेल तर तुम्ही नेहमी जिथे राहता ते ठिकाण धरतात. नुसता फ्लॅट नावावर असून भागत नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय. नाव एकाच मतदारसंघात ठेवता येतं. गावाहून नाशिकला आणायचं तर फॉर्म ८, म्हणजे मतदार यादीतला पत्ता बदलण्याचा अर्ज, भरा. गावचं नाव सोडताना जीव तुटतो, हे मला कळतं. पण दोन्हीकडे नाव ठेवू नका.

शिक्षण-नोकरीसाठी लागतो तो वय, राष्ट्रीयत्व व अधिवास दाखला, आपल्या तोंडी 'डोमिसाईल'. इथे बहुतेकांची गफलत होते. १५ वर्षांचा रहिवास नाशिक शहरातलाच लागतो असं समजून लोक हात हलवत परत जातात. अधिवास महाराष्ट्राचा असतो! कळवणच्या शाळेतली वर्षंही त्यात धरली जातात.

मग कागद जुळवा: शाळा सोडल्याचा किंवा जन्माचा दाखला, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, फोटो, स्वयंघोषणापत्र. खरं काम १५ वर्षांची साखळी जोडण्याचं. वीजबिलं, घरपट्टीच्या पावत्या, रेशन कार्ड, शाळेचे दाखले वर्षाच्या क्रमाने लावा आणि मध्ये कुठलं वर्ष सुटतंय का पाहा. भाड्याने राहणाऱ्यांची इथे फार ओढाताण होते, कारण बिल घरमालकाच्या नावावर असतं. तेव्हा मुलांचे शाळेचे दाखले, जुने भाडेकरार उपयोगी पडतात. आधारवर विसंबू नका. आधार हा अधिवासाचा पुरावा नाही, असं खुद्द आधार कायदाच सांगतो.

अर्ज 'आपले सरकार' पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात, सध्या राहता त्या तालुक्यासाठी करा. पोचपावती जपून ठेवा. लोकसेवा हक्क कायद्याखाली या दाखल्याची मुदत १५ दिवसांची आहे. ती उलटली तर त्याच पावतीच्या आधारे अपील करता येतं. बारावीच्या निकालाची वाट पाहू नका, मुलगा अकरावीत असतानाच अर्ज टाका.