पेपर पाठवायच्या आधीच करून ठेवायच्या गोष्टी

पहिला संशोधन पेपर जर्नलला पाठवताना सगळं लक्ष फॉरमॅट आणि इम्पॅक्ट फॅक्टरवर (जर्नलमधल्या पेपरांचा सरासरी किती वेळा संदर्भ घेतला जातो तो आकडा) असतं, आणि ज्या गोष्टींवरून पुढे पेपर अडकतो किंवा मागे घ्यावा लागतो त्या शेवटच्या दिवशी सबमिशनचा फॉर्म भरताना एकदम समोर येतात, मग घाईघाईत काहीतरी टिक करून मोकळं व्हायचं. तसं करू नका. यातलं जवळजवळ सगळं काम सुरू होतानाच ठरवता येतं, आणि ते लेखी ठरवा.

सगळ्यात आधी नावं. भांडणं इथेच होतात. मेडिकल जर्नलांच्या संपादकांची आयसीएमजेई नावाची समिती आहे, तिच्या 4 अटी आता बऱ्याच विषयांत वापरतात: कल्पना, आखणी, डेटा किंवा विश्लेषणात भरीव काम केलेलं असणं, मजकूर लिहिणं किंवा त्यावर गांभीर्याने दुरुस्त्या करणं, शेवटच्या ड्राफ्टला मान्यता देणं, आणि पेपरवर कुठलाही प्रश्न आला तर उत्तर द्यायची जबाबदारी घेणं. चारही हव्यात, एखादी पुरत नाही. म्हणजे नुसता निधी मिळवून दिला, लॅब वापरू दिली, विभागप्रमुख आहेत म्हणून नाव, असं चालत नाही, त्यांचे आभार मानायचे, लेखक म्हणून नाव नाही. आणि उलटंही तितकंच वाईट, ज्या ज्युनिअरने महिनोन्महिने विश्लेषण केलं त्याचं नाव गाळायचं हा सरळ अन्याय आहे.

आता गाईडशी हे बोलायचं कसं, खरी अडचण तीच असते. समोर बसून बोलायला जड जात असेल तर मेल टाका, साधा: "सर, पेपरचा आराखडा जोडलाय. कोणी काय काम केलं ते खाली लिहिलंय आणि त्यावरून नावांचा क्रम असा सुचवतोय. काही बदल हवा असेल तर सांगा, म्हणजे सगळ्यांना कळवतो." कामाची यादी करायला क्रेडिट नावाची पद्धत वापरा, त्यात 14 प्रकारच्या भूमिका दिल्यात, सॉफ्टवेअर, डेटा सांभाळणं, मूळ ड्राफ्ट लिहिणं वगैरे. यादी समोर असली की बोलणं माणसांवर न जाता कामावर राहतं. मध्येच कोणी नवीन आलं किंवा सोडून गेलं तर तोच मेल पुन्हा फिरवा.

जबाबदारीची ती चौथी अट लोक हलक्यात घेतात. 2020 मध्ये कोविडचे रुग्ण आणि औषधं यांवरचे 2 पेपर, एक लॅन्सेट या मेडिकल जर्नलमधला आणि एक न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधला, एकाच दिवशी मागे घेतले गेले. डेटा सर्जिस्फिअर नावाच्या कंपनीकडचा होता, शंका आल्यावर बाहेरच्या तपासणीसाठी तो मागितला तर मूळ डेटा मिळालाच नाही. म्हणून सहलेखक असाल तर कच्चा डेटा एकदा तरी स्वतः उघडून बघा, बघू देत नसतील तर आपलं नाव काढून घ्या.

डेटाची मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये हात न लावता ठेवा, जे काही बदल कराल ते कॉपीवर, आणि कुठलं निरीक्षण का वगळलं ते तारखेसकट लिहून ठेवा. चित्रांचंही तेच. ब्राइटनेस पूर्ण चित्राला सारखा वाढवला तर सहसा हरकत नसते, पण जेलच्या (प्रथिनं किंवा डीएनए वेगळे करून दाखवणाऱ्या चाचणीच्या) चित्रातला एकच बँड, म्हणजे पट्टा, गडद केला किंवा नकोसा डाग पुसला की ती फेरफार झाली. वेगवेगळ्या जेलचे तुकडे शेजारी लावलेत तर मध्ये रेघ दाखवा आणि खाली तसं लिहा. एलिझाबेथ बिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये 20,621 पेपरांमधली चित्रं डोळ्यांनी तपासली होती, त्यातल्या 3.8 टक्क्यांमध्ये गडबड सापडली.

उचलेगिरीबद्दल एवढंच, की मजकूर जुळवून बघणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये साम्याचा टक्का कमी आला म्हणजे सुटलो असं नाही. शब्द बदलून दुसऱ्याचा विचार नाव न देता घेतला तरी ती चोरीच. स्वतःचा जुना मजकूर वापरलात तर तेही सांगा. एकच पेपर एकाच वेळी 2 जर्नलांना पाठवू नका, आणि एका अभ्यासाचे उगाच चार तुकडे करून चार पेपर काढू नका.

एआयचं टूल लेखक होऊ शकत नाही, प्रकाशनातल्या नीतिमत्तेवर काम करणाऱ्या कोप या संस्थेने 2023 मध्येच हे स्पष्ट केलंय, कारण जबाबदारी ते घेऊ शकत नाही. वापरलं असेल तर कुठे आणि कशासाठी ते लिहा, आणि प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून वाचा, कारण अस्तित्वात नसलेले पेपर ही टूल्स बिनधास्त देतात. जर्नलकडून रिव्ह्यूला, म्हणजे तपासायला, आलेलं दुसऱ्याचं हस्तलिखित चॅटबॉटमध्ये टाकू नका, ते गोपनीय असतं.

जर्नल निवडताना संपादक मंडळातल्या दोन-तीन जणांच्या विद्यापीठाच्या पानावर जाऊन बघा, त्यांनी तिथे या जर्नलचा उल्लेख केलाय का. फी किती ते आधीच दिलेलं हवं. चार दिवसांत स्वीकारला असा मेल आला तर सावध व्हा. 2013 मध्ये सायन्स मासिकाच्या पत्रकाराने मुद्दाम ढोबळ चुका घातलेला खोटा पेपर 304 ओपन अॅक्सेस (वाचकांना फुकट वाचता येणाऱ्या) जर्नलांना पाठवला होता, 157 जणांनी तो घेतला!

आणि छापून झाल्यावर चूक लक्षात आली तर? लपवू नका, कोणीतरी काढेलच. संपादकांना स्वतःहून लिहा: कुठल्या तक्त्यात किंवा चित्रात चूक आहे, ती कशी झाली, दुरुस्त आकडा काय, आणि निष्कर्ष बदलतो का. सगळ्या सहलेखकांना मेलमध्ये घ्या. निष्कर्ष टिकत असेल तर बहुतेक वेळा दुरुस्ती छापून भागतं, टिकत नसेल तर पेपर मागे घ्यावा लागतो, आणि प्रामाणिक चुकीमुळे मागे घेतला तर सूचनेत तसं स्पष्ट लिहायची विनंती करा.