मिठन लाम यांच्यावर पाच मिनिटांचं भाषण कसं बसवायचं

८ मार्चच्या वक्तृत्व स्पर्धेला 'पहिली महिला वकील' असा विषय आला की मुलींनो, आधी कशात पहिली ते पक्कं करा, परीक्षक तिथंच पकडतात. ऑक्सफर्डला कायदा शिकलेल्या पहिल्या बाई म्हणजे कॉर्नेलिया सोराबजी. मिठन लाम, माहेरच्या टाटा, १९२३ ला बॅरिस्टर झाल्या आणि मुंबई हायकोर्टात वकिली करणाऱ्या पहिल्या बाई ठरल्या.

१८९८ चा जन्म एका वाक्यात उरका आणि सरळ १९१९ ला या. एकवीस वर्षांची पोरगी आई हेराबाईंबरोबर लंडनला जाते, कशासाठी तर हिंदुस्थानातल्या बायकांना मताचा हक्क पाहिजे हे तिथल्या राज्यकर्त्यांना सांगायला! इथं निम्मा वेळ गेला तरी चालेल, कारण खरी लढाई हीच. ब्रिटिश पार्लमेंटनं हक्क सरळ दिलाच नाही, निर्णय प्रांतांच्या कौन्सिलांवर सोडला, आणि मुंबई प्रांतात तो १९२१ ला मिळाला, तोही मालमत्तेच्या अटीमुळं थोड्याच बायकांना. ही अट गाळू नका, नाहीतर सगळ्यांनाच मत मिळालं असं ऐकणाऱ्याला वाटतं.

आता आपल्या गावाचं. कोल्हापूर तेव्हा संस्थान होतं, मुंबई प्रांताचा निर्णय इथं लागू नव्हता. पण त्याच सुमारास शाहू महाराजांनी १९१७ ला विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला, १९१९ ला बायकांच्या छळाविरुद्धचा. इथं राजा कायदे करतोय, तिकडं बायका स्वतः जाऊन हक्क मागतायत, हे दोन्ही शेजारी ठेवून बोललात तर भाषण कुठनं उतरवलेलं वाटणार नाही, मला तर हाच भाग सगळ्यात आवडतो.

मिठन लाम यांच्या पहिल्या केसचा किस्सा घ्याच. पक्षकाराची बाजू इतकी भक्कम होती की समोरच्याला बाईकडून हरल्याची नामुष्की यावी म्हणून त्यानं मुद्दाम यांना वकील केलं. लोक हसतील, हसू द्या, मग जरा थांबून सांगा की याच बाई पुढं पारशी विवाह आणि घटस्फोटाचा कायदा सुधारायच्या कमिटीवर होत्या, तो १९३६ ला आला. १९४७ ला मुंबईच्या पहिल्या महिला शेरीफ (हे शहरातलं मानाचं पद), १९६२ ला पद्मभूषण, हे भराभर.

पाठांतर नको, चार मुद्दे कागदावर लिहा, मोबाईलवर वेळ लावून घरातल्यांपुढं बोलून बघा आणि साडेचार मिनिटांत बसवा, स्टेजवर वेळ हमखास वाढतो.

आजचा संदर्भ पाहिजेच असेल तर १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालंय ते सांगा. आणि बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मागता येतो, १९८७ च्या कायद्यानं. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं अर्ज करायचा असतो. हे वाक्य सावकाश बोला, मागच्या रांगेतल्या आयांनाही नीट ऐकू गेलं पाहिजे.