पहिला टाका मारण्याआधी: घरच्या वेल्डिंगची तयारी

मशीनचं खोकं घरी आलं की हात शिवशिवायला लागतात. तरी पहिला अख्खा रविवार तयारीत घालवा.

सुरुवात स्विचबोर्डापासून. घरगुती सिंगल फेजवर 200 अँपिअरचं इन्व्हर्टर मशीन चालतं. हा आकडा रॉडकडे जाणाऱ्या करंटचा, भिंतीतून त्याहून बराच कमी ओढला जातो. शिकताना 80-90 च्या वर जायची वेळ येत नाही, म्हणून 16 अँपिअरचा चांगला सॉकेट, त्याची वेगळी एमसीबी आणि 4 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर एवढं पुरतं. सॉकेटला अर्थिंग खरोखर आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जुन्या घरांत तिसऱ्या भोकामागे कधीकधी वायरच नसते. मोबाइल चार्जिंगचा एक्स्टेंशन बोर्ड या कामाला लावू नका. मशीन चालू असलं की रॉड (वितळून जोड भरणारी काडी) कुठे टेकलेला नसतानाही तो धरायच्या होल्डरवर साठ-सत्तर व्होल्ट असू शकतात. घामेजलेल्या अंगाने, ओल्या फरशीवर बसून काम करणं म्हणूनच धोक्याचं. रबरी तळाचे कोरडे बूट घाला आणि रॉड बदलतानाही हातमोजे काढू नका.

मग डोळे. इथे पैसे वाचवू नका. मी शिकत होतो त्या उन्हाळ्यात गेटच्या बिजागरीला दोनच टाके मारायचे म्हणून काच न घेता, डोळे बारीक करून मारले. संध्याकाळभर काही झालं नाही. रात्री दोनच्या सुमारास मात्र डोळ्यांत मूठभर वाळू गेल्यासारखं झालं. पापणी मिटवेना आणि उघडवेना. आर्कचा, म्हणजे रॉड आणि लोखंडामधल्या प्रखर उजेडाचा, त्रास असा काही तासांनी उठतो. कोणी बटाट्याच्या चकत्या ठेवायला सांगेल; सरळ डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. आपोआप काळं होणारं हेल्मेट घ्या आणि शेड, म्हणजे काचेचा काळेपणा, 10 किंवा 11 वर ठेवा. हातात धरायची काच स्वस्त पडते, पण त्यात एक हात अडकतो, आणि नवशिक्याला रॉड स्थिर ठेवायला दोन्ही हात लागतात. चिपिंग करताना, म्हणजे टाक्यावरची कडक खपली (स्लॅग) ठोकून काढताना, तिचे गरम तुकडे उडतात, त्यासाठी साधा पारदर्शक गॉगल वेगळा हवा.

कपडे सुती आणि पूर्ण बाह्यांचे. टेरिकॉट, नायलॉन अजिबात नको, ठिणगीने वितळून कातडीला चिकटतं. गळ्याचं बटण लावा, नाहीतर दुसऱ्या दिवशी तिथे भाजल्यासारखी लाली दिसेल. पँट बुटांवरून खाली सोडा, दुमडून ठेवू नका.

जागा उघड्यावरची, पण वरून आडोसा असलेली. दहा-अकरा मीटरच्या आत गॅस सिलिंडर, रंगाचे डबे, थिनर, पालापाचोळा, पोती काही नको. वाळूची बादली हाताशी ठेवा. गल्लीच्या बाजूला जुना पत्रा उभा करा, कारण शेजारची मुलं बघायला येणारच आणि डोळे त्यांनाही आहेत. वाऱ्याची दिशा बघून असं बसा की धूर तोंडावर येणार नाही. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, पाइप शिकायला घेऊच नका. जस्ताच्या पांढऱ्या धुराने रात्री थंडी वाजून ताप येतो. आणि बंद ड्रम किंवा पेट्रोलची टाकी कोणी कितीही गळ घालून आणली तरी हात लावू नका.

आता माल. बहुतेकांचा उत्साह इथेच मावळतो. 16 गेजचा चौकोनी पाइप हलका नि स्वस्त, म्हणून सगळे तोच आणतात आणि पहिल्याच टाक्याला भोक पडतं. दीड मिलिमीटरची भिंत सांभाळायला हात बसलेला लागतो. तुम्ही 5 मिलिमीटर जाडीची पट्टी आणा. आमच्या कोल्हापुरात उद्यमनगरात फिरलं की असे तुकडे किलोवर मिळतात. तुमच्याकडे फॅब्रिकेशनवाल्याला विचारा. रॉड 6013 प्रकारचा, जाडी 2.5 मिलिमीटर. पुडा फोडला की घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, पावसाळ्यात तर नक्कीच. दमट रॉड तडतडतो आणि टाक्यात बारीक छिद्रं सोडतो.

पट्टी ग्राइंडरने चकचकीत करा, मशीनच्या दुसऱ्या वायरचा, म्हणजे अर्थिंगचा, क्लॅम्पही चकचकीत जागी लावा. ग्राइंडरचं गार्ड काढू नका आणि व्हीलवर छापलेला वेग मशीनच्या वेगापेक्षा जास्त आहे ना, ते वाचा. 80 अँपिअरवर ठेवून काडेपेटीवर काडी ओढावी तसा रॉड ओढा. चिकटला तर होल्डर झटका देऊन फिरवा. रॉडचं टोक त्याच्या जाडीइतकंच वर धरा. जमलं की तेलात भजी सोडल्यासारखा सलग चुरचुर आवाज येतो. अंतर वाढलं की तो फुटका होतो. प्रखर उजेडाकडे बघत बसू नका, त्याच्या मागे सरकणारा वितळलेल्या लोखंडाचा लहानसा थेंब बघा. त्याच्या काठावर गडद स्लॅग साय धरल्यासारखा येतो. थेंब रुंद होतोय की लांबुळका, यावरून हाताचा वेग कळतो. अशा पन्नासेक ओळी मारा.

मग कुंडीचा स्टँड. 25 बाय 25 बाय 3 मिलिमीटरचा अँगल (काटकोनात वळलेली पट्टी), 30 सेंटिमीटरचा चौकोन आणि 45 सेंटिमीटरचे चार पाय. हिशेब बरोबर तीन मीटर, म्हणजे सहा मीटरच्या अख्ख्या अँगलचा अर्धा तुकडा. पण प्रत्येक कापात व्हीलच्या जाडीइतकं लोखंड जातं, म्हणून पाय 44 चे धरा. चारही कोपऱ्यांना आधी एकेक टाका, मग काटकोन बघायला गुण्या लावा, दोन्ही कर्ण मोजा. फरक असेल तर हातोडीने हलवता येतो तो याच वेळी. भरताना समोरासमोरचे कोपरे घ्या. एकाच बाजूने भरत गेलात तर चौकोन ओढला जातो.

काम संपल्यावर एमसीबी पाडा आणि अर्धा तास तिथेच थांबा. ठिणगी कुठल्या फटीत धुमसतेय ते तेव्हा कळतं. स्टँड गार झाला की स्लॅग पूर्ण काढून, वायर ब्रश मारून, त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा (गंज रोखणाऱ्या तांबड्या रंगाचा) हात द्या. जूनच्या हवेत उघड्या टाक्यावर एका रात्रीत गंज धरतो.